जिलबीचे पीठ कोण फुगवते?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवशी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत एक ठरलेले दृश्य दिसते. झेंडावंदन आटोपते आणि बाजारपेठेत जिलबीच्या कढयांभोवती गर्दी जमते. लग्नाच्या पंगतीत जिलबी-मठ्ठ्याचे स्थान तर पिढ्यानपिढ्या पक्के आहे. राष्ट्रीय सण आणि घरचे कार्य अशा दोन्ही ठिकाणी मान मिळवणारा हा पदार्थ आहे. म्हणूनच एखादा चौकस विद्यार्थी आपल्याला विचारू शकतो, "सर, जिलबी मूळची आपली की बाहेरची?" त्याच्या शेजारी बसलेली मुलगी कदाचित दुसराच प्रश्न विचारेल, "बाई, जिलबी आतून पोकळ कशी? आणि पाक आत शिरतो कसा?"

पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा विज्ञानाचा. आमच्या मते हे दोन्ही प्रश्न एकाच मडक्यात सापडतात. जिलबीचे पीठ ज्यात आंबत ठेवतात, त्या मडक्यात. या लेखात आपण त्या मडक्याचा इतिहास पाहणार आहोत.

नावाचा माग

आधी नावाकडे पाहू. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला. या कोशात जिलबीचा शब्द अरबी-फारसी 'झलाबिया'शी जोडलेला आहे. अरबीतही 'झलाबिया' किंवा 'झुलाबिया' हाच शब्द आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने संकलित केलेल्या पाकग्रंथात झुलाबियाच्या कृती आहेत. आजही इराणात रमजानच्या महिन्यात 'झुलबिया' खातात, उत्तर आफ्रिकेत 'झलाबिया' तळतात. बंगालमध्ये तिला 'जिलिपी' म्हणतात आणि नेपाळात 'जेरी'. नकाशावर ही नावे मांडली तर भूमध्य समुद्रापासून बंगालच्या उपसागरापर्यंत एक साखळी तयार होते.

भारतीय साहित्यात जिलबीचा माग काढण्याचे मोठे काम पुण्यात झाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी १९४३ साली भारतीय आहारशास्त्राच्या इतिहासावर एक इंग्रजी लेख लिहिला. त्यात त्यांनी जिलबीचा इतिहास विशेष तपशिलाने मांडला होता. हस्तलिखितांचे ढीग उपसणाऱ्या या विद्वानाने जिलबीसारख्या गोष्टीवर वेळ खर्च करावा याचे कोणाला आश्चर्य वाटेल. पण लोकांच्या जगण्याचा इतिहास लढायांच्या तारखांपेक्षा अशा नोंदींतूनच हाती लागतो, हे गोडे जाणून होते.

जिनसूर या जैन लेखकाच्या सुमारे १४५० सालच्या 'प्रियंकरनृपकथा' या ग्रंथात जिलबीचा उल्लेख येतो. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त याने 'भोजनकुतूहल' हा पाकशास्त्र आणि आहारशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातही जिलबी आहे. हा रघुनाथ महाराष्ट्रीय होता आणि तंजावरच्या मराठी राजघराण्याशी त्याचा संबंध होता. म्हणजे शिवकालाच्या सुमारास जिलबी मराठी पंडिताच्या लेखणीत आलेली होती.

इथे विद्यार्थ्यांना एक सावधगिरी शिकवण्याची संधी आहे. सर्वांत जुना उल्लेख १४५० चा असला, तर त्याचा अर्थ पदार्थ १४५० सालीच जन्मला असा होत नाही. त्या वर्षापर्यंत तो पोचलेला होता, एवढेच सिद्ध होते. तसेच नाव बाहेरून आले म्हणजे तळलेल्या आंबट पिठाची कल्पनाही बाहेरूनच आली, असे आपोआप ठरत नाही. नाव प्रवास करते, कृतीही प्रवास करते, पण दोघांचा मुक्काम एकाच ठिकाणी पडतो असे नाही.

दोन जुन्या कृती

आता आपण दोन जुन्या कृती शेजारी शेजारी ठेवू.

पहिली अंदालुसमधली, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधली. तेराव्या शतकातल्या एका पाकग्रंथात ती आहे. ग्रंथकर्त्याचे नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. कृतीचा सारांश असा: बारीक पिठात थोडे थोडे पाणी घालून ते सैल भिजवावे. भांडे विस्तवाजवळ ठेवून पीठ फुगू द्यावे. फुगले की नाही हे कसे ओळखायचे? भांड्याच्या बाजूवर बोटाने टिचकी मारायची आणि आवाज ऐकायचा. पीठ तयार झाले की ते तळाला भोक असलेल्या भांड्यात घ्यावे, भोकावर बोट धरावे, तापलेल्या तेलावर हात नेऊन बोट काढावे आणि हात गोल फिरवत वेटोळी किंवा जाळी पाडावी. नंतर ती मसाले घातलेल्या मधात बुडवावी.

दुसरी कृती भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या सोळाव्या शतकातल्या आयुर्वेद ग्रंथातली. तिथे नाव आहे 'कुंडलिनी', पण वर्णन वाचताच ती जिलबी आहे हे कळते. नवे मडके घ्यावे, त्याला आतून आंबट दही फासावे. त्यात दोन प्रस्थ गव्हाचे बारीक पीठ, एक प्रस्थ आंबट दही आणि थोडे तूप घालून कालवावे. मडके उन्हात ठेवावे, पीठ आंबट होईपर्यंत. मग ते भोक असलेल्या भांड्यातून फिरवत फिरवत तापलेल्या तुपात सोडावे, चांगले तळले की कापूर वगैरेंनी सुगंधित केलेल्या साखरेच्या पातळसर पाकात बुडवून काढावे.

एक कृती युरोपच्या पश्चिम टोकाची, दुसरी भारतातली, दोहोंत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर. तरीही भोकाचे भांडे, फिरता हात, तापलेले स्नेह, गोड द्रवात बुडी, हे सगळे तेच. एवढे तपशील योगायोगाने जुळणे अवघड आहे. या दोन टोकांच्या मधे व्यापारी, स्वयंपाकी आणि प्रवासी यांची मोठी साखळी असली पाहिजे.

पण फरकही तितकेच बोलके आहेत. तिकडे तेल, इकडे तूप. तिकडे मध, इकडे साखर. साखर तयार करण्याची विद्या भारतात फार जुनी, त्यामुळे हे साहजिकच आहे. तिकडच्या कृतीत दही नाही, इकडे मडक्यालाही दही आणि पिठातही दही. तिकडे उबेसाठी विस्तव, इकडे ऊन. आणि सर्वांत सुंदर फरक परीक्षेचा आहे. स्पेनमधला स्वयंपाकी पीठ कानाने तपासतो, भारतातला जिभेने. दोघांनाही पिठात काय घडते हे ठाऊक नव्हते, पण ते घडून गेले हे ओळखण्याची खूण मात्र दोघांनीही शोधून काढली होती.

मडक्यात काय घडते?

आज आपल्याला त्या मडक्यातले रहिवासी ओळखता येतात. ते मुख्यतः दोन जातींचे आहेत. एक यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, जिला पाठ्यपुस्तकात आपण किण्व म्हणतो. तिची पेशी साधारण ५ ते १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा-दोनशेवा भाग. दुसरे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू, दह्यात असतात त्या कुळातले. ते यीस्टपेक्षाही बरेच लहान.

यीस्ट येते कुठून? गव्हाच्या दाण्यावर, पिठात, जुन्या मडक्याच्या छिद्रांत, दह्यात, सगळीकडे ते थोडे थोडे असते. पीठ ओले झाले की गव्हातली विकरे, म्हणजे एन्झाइम, पिठातल्या स्टार्चचा काही भाग फोडून साखर तयार करतात. यीस्टला हे अन्न मिळते. साखरेपासून ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. हिशेब करून पाहा: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे नेहमीच्या तापमानाला एका ग्रॅम ग्लुकोजपासून साधारण पाव लिटर वायू! चिमूटभर साखर एवढ्या वायूला जन्म देते, म्हणून घट्ट पीठही वर येते.

दह्यातले जिवाणू दुसरे काम करतात. ते आम्ल तयार करतात. आम्लामुळे चव येते, नको असलेल्या इतर जिवाणूंची वाढ रोखली जाते. यीस्टला मात्र आंबटपणा चालतो. गव्हातल्या प्रथिनांपासून तयार होणारे चिवट ग्लूटेन आम्लामुळे थोडे सैल पडते आणि पीठ सलग धारेने पडू लागते. भावप्रकाशातल्या 'मडक्याला आतून दही फासा' या सूचनेचा अर्थ आता स्पष्ट होतो. नव्या मडक्यात जुने रहिवासी नसतात, म्हणून ते आणून सोडायचे. हे विरजणच आहे. आणि उन्हात का ठेवायचे? यीस्ट आणि जिवाणू साधारण २५ ते ३५ अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात. थंडीत ते मंदावतात, पन्नास अंशांच्या वर बहुतेक यीस्ट मरते. थंडीच्या दिवसांत आपल्या घरी दह्याचे भांडे घोंगडीत गुंडाळून किंवा चुलीजवळ ठेवत, ते याच कारणाने.

ही माहिती ज्यांच्या हातात होती त्यांची नावे मात्र ग्रंथांत नाहीत. विरजण जपणाऱ्या बायका आणि मडके न विसळता पुन्हा भरणारे हलवाई यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली. पंडितांनी ती लिहून ठेवली, हे त्यांचे उपकार. पण लिहिणारा आणि शोधणारा एकच असतो, असे मुलांनी समजू नये.

यीस्ट जिवंत आहे का?

आज हा प्रश्न बाळबोध वाटेल. पण शंभर-दोनशे वर्षांपूर्वी यावरून युरोपातल्या नामवंत शास्त्रज्ञांत कडाक्याचे वाद झाले होते.

हॉलंडच्या लेव्हेनहुकने १६८० साली आपल्या भिंगातून बिअरमधले यीस्टचे गोल कण पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. पण ते सजीव आहेत असे त्याला वाटले नाही. पुढे दीडशे वर्षे हा विषय जवळजवळ तिथेच राहिला. १८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर आणि जर्मनीत श्वान व क्युट्झिंग या तिघांनी स्वतंत्रपणे सांगितले की यीस्ट सजीव आहे, त्याला अंकुर फुटतात आणि त्याच्या वाढीमुळेच साखर आंबते. श्वानने उकळलेल्या साखरेच्या द्रावणात तापवून घेतलेली हवा सोडून दाखवली. द्रावण आंबले नाही.

रसायनशास्त्रज्ञांना हे पटले नाही. आंबणे ही साधी रासायनिक विघटनाची क्रिया आहे, तिला सजीवाची गरज काय, असे लिबिगचे मत होते. १८३९ साली व्होलर आणि लिबिग यांनी एका रसायनविषयक नियतकालिकात निनावी विडंबन छापले. त्यात यीस्ट म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या चंबूच्या आकाराचे इवलेसे प्राणी आहेत, ते साखर गिळतात आणि शरीराच्या एका वाटेने अल्कोहोल व दुसऱ्या वाटेने कार्बनिक वायू सोडतात, असे मोठ्या गंभीरपणे वर्णन केले होते. गंमत अशी की, प्राण्याचे शरीर वगळले तर विडंबनातली मूळ गोष्ट जवळजवळ खरीच निघाली!

१८५७ साली लुई पाश्चरने लील येथे लॅक्टिक किण्वनावरचा, म्हणजे दूध आंबते त्या क्रियेवरचा, निबंध वाचला आणि ते काम विशिष्ट सजीवांचे असल्याचे दाखवले. पुढच्या काही वर्षांत त्याने अल्कोहोल-किण्वनाबद्दलही हेच सिद्ध केले. जिलबीच्या मडक्यात ही दोन्ही किण्वने एकाच वेळी चालतात, हे ध्यानात घ्या. पाश्चरच्या दोन निबंधांचा विषय एका मडक्यात!

मग लिबिग पूर्णपणे चुकला होता का? तसेही नाही. १८९७ साली एदुआर्द बुखनरने यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी त्या रसाने साखर आंबली. म्हणजे काम सजीवाने तयार केलेल्या रसायनांचे होते. या शोधाबद्दल बुखनरला १९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. 'एन्झाइम' हा शब्द त्याआधीच, १८७० च्या दशकात, क्यूने या शास्त्रज्ञाने रूढ केला होता. त्याचा ग्रीक अर्थ 'यीस्टमध्ये' असा आहे. विज्ञानात दोन पक्ष भांडतात तेव्हा एक सर्वस्वी खरा आणि दुसरा सर्वस्वी खोटा असतोच असे नाही, हे शिकवायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

पाव बाटवतो, जिलबी बाटवत नाही!

आता आपल्या समाजाच्या इतिहासाकडे वळू. यीस्टने फुगवलेले गव्हाचे पीठ भाजले तर पाव होतो आणि सैल करून तळले तर जिलबी. दोघांना फुगवणारे सूक्ष्मजीव एकाच कुळातले. गोव्यात पोर्तुगीज काळापासून पाव फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. तिच्यातही हेच यीस्ट असते.

तरीही महाराष्ट्रात दोघांच्या वाट्याला आलेला न्याय किती वेगळा! जिलबी लग्नाच्या पंगतीत सोवळ्यात वाढली गेली. पाव मात्र एकोणिसाव्या शतकात धर्म बुडवणारा ठरला. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा वसई-गोव्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात. त्या खऱ्या की खोट्या हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या लोकांना पटत होत्या, हेच इथे महत्त्वाचे. १८४९ साली मुंबईत जातिभेद मोडण्यासाठी स्थापन झालेल्या परमहंस सभेत सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाचा घास हीच जातिभेद सोडल्याची शपथ! ही सभा गुप्तपणे चाले, यावरून त्या घासाची किंमत कळते. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग आला आणि प्रायश्चित्ताचा वाद पेटला.

मग जिलबी का सुटली? पाण्यात शिजवलेल्या भात-डाळीपेक्षा तुपात तळलेल्या पदार्थाला स्पर्शास्पर्शाचे नियम सैल असत, हे एक कारण. आंबवायला दही होते, माडी नव्हती, हे दुसरे. पण मुख्य कारण पिठात नव्हतेच. पीठ कोणाच्या हातांनी मळले, यावर सारे ठरत होते. सूक्ष्मदर्शकाखाली पावाच्या आणि जिलबीच्या पिठाचा एकेक थेंब ठेवा. शुद्ध-अशुद्धाचा भेद तिथे कुठेही दिसत नाही.

हा भेद इतिहासजमा झाला असता तर आम्ही त्यावर एवढे लिहिले नसते. शाळेतले जेवण अमुक जातीच्या बाईने शिजवले म्हणून मुलांनी ताट नाकारल्याच्या बातम्या एकविसाव्या शतकातही देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या आहेत. अशी वेळ ज्या वर्गावर येते, तिथल्या शिक्षकाच्या हाती पिठाच्या थेंबाचा हा पुरावा असावा, असे आम्हाला वाटते.

सोड्याचा आडमार्ग

आज पुष्कळ ठिकाणी जिलबीचे पीठ रात्रभर आंबवत नाहीत. खाण्याचा सोडा आणि दही किंवा लिंबू घालून लगेच तळतात. सोड्यावर आम्लाची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पीठ फुगते. वायू तोच, पण बाकीचे काही नाही. यीस्ट आणि जिवाणू रात्रभरात जी चव आणि जो वास तयार करतात, ते दहा मिनिटांत येत नाहीत. सोडा जास्त झाला तर पदार्थाला साबणासारखी चव येते आणि पिठातल्या ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. घाईच्या वेळी सोडा वापरण्यात गुन्हा नाही. पण मूळ कृती एकदा तरी करून पाहावी.

घरी करून पाहू या

प्रमाण भावप्रकाशातलेच घेऊ. दोन वाट्या मैदा, एक वाटी आंबट दही, दोन चमचे पातळ तूप. कोमट पाणी बेताने घालत गुठळ्या मोडेपर्यंत फेटावे. भज्याच्या पिठापेक्षा थोडे सैल, पळीतून सलग पट्टीसारखे पडेल असे हवे. मातीच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, वर निम्मी जागा रिकामी ठेवून, सैल झाकावे. तांब्या-पितळेचे बिनकल्हईचे भांडे नको, आम्लाची त्यावर क्रिया होते. उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत चोवीस तासही लागतात. वर बुडबुडे दिसले, वास आंबूस आला, की पीठ तयार. त्यावर रंगीत बुरशी धरली किंवा कुजका वास आला तर ते टाकून द्यावे.

पाकासाठी दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. एकतारी झाला की केशर, वेलदोडा आणि लिंबाचे काही थेंब घालावेत. लिंबाच्या आम्लामुळे काही साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्यामुळे पाकाचे खडे बनत नाहीत.

जाड कापडाच्या मध्यभागी लहान भोक पाडून त्याला काजाचा टाका घालावा. पसरट, उथळ कढईत दोन-तीन सेंटिमीटर तूप किंवा तेल तापवावे. सुमारे १६० ते १८० अंश तापमान हवे. पिठाचा थेंब टाकल्यावर तो लगेच वर आला पाहिजे, पण काळा पडता कामा नये. मग कापडाची पुरचुंडी दाबत आतून बाहेर किंवा बाहेरून आत वेटोळी घालावीत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. पिठाची धार तेलात पडताच बाहेरचा थर कडक होऊ लागतो. आतल्या पाण्याची वाफ होते. एक मिलिलिटर पाण्याची शंभर अंशांना सुमारे १७०० मिलिलिटर वाफ! यीस्टने आधीच करून ठेवलेल्या बुडबुड्यांत ही वाफ शिरते, ते फुगतात, एकमेकांना मिळतात आणि आत पोकळ नळी तयार होते. यीस्टचे बुडबुडे नसतील तर वाफेला शिरायला जागा नसते आणि जिलबी भरीव, चिवट होते. तयार झालेले अल्कोहोल या उष्णतेत बहुतेक उडून जाते.

गरम जिलबी कोमट पाकात टाकली की आतली वाफ थंड होऊन तिचे पाणी होते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाकाला कवचाच्या बारीक छिद्रांतून आत ढकलतो. म्हणजे जिलबी पाक पिते असे आपण म्हणतो, पण तो तिला वातावरण पाजते. पाक फार घट्ट किंवा गार असेल तर तो शिरत नाही. जिलबी गार झाली असेल तरी शिरत नाही. भावमिश्राने पाक पातळसर सांगितला, तो यासाठीच उपयोगी पडतो. अर्ध्या ते एका मिनिटात जिलबी बाहेर काढावी, नाहीतर कवच मऊ पडते.

वर्गात करण्याजोगे

तळण्याचे काम वर्गात करू नये. पिठाचे प्रयोग मात्र निर्धास्त करावेत.

१. तीन सारख्या बाटल्या घ्या. पहिलीत मैदा, दही, चमचाभर साखर आणि कोमट पाणी. दुसरीत हेच मिश्रण उकळून गार केलेले. तिसरीत पहिल्यासारखेच, पण बाटली थंड पाण्यात किंवा शीतकपाटात ठेवलेली. तिन्ही तोंडांवर फुगे ताणून बसवा. बूच घट्ट लावू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. दुसऱ्या दिवशी कोणता फुगा किती फुगला? दुसरी बाटली म्हणजे श्वानच्या युक्तिवादाची घरगुती आवृत्ती.

२. फुग्यातला वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडा. निवळी दुधाळ होते का पाहा.

३. काचेच्या पेल्यात पीठ घालून पातळीला रबरबँड लावा. दर तासाला उंची आणि खोलीचे तापमान नोंदवा, आलेख काढा. ऋतू बदलला की पुन्हा करा.

४. सूक्ष्मदर्शक असेल तर आंबलेल्या पिठाचा अगदी पातळ थेंब पाहा. त्यात आयोडीन घातले की स्टार्चचे कण निळे-काळे होतात, यीस्ट पिवळसर तपकिरी राहते. अंकुर फुटलेली पेशी सापडते का शोधा.

५. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विरजण, आंबोळी, इडली, ढोकळा यांच्या पिठाच्या खुणा विचारून लिहून आणायला सांगा. पीठ तयार झाले हे कोण डोळ्यांनी ओळखते, कोण वासाने, कोण कानाने?

या शेवटच्या वहीत कदाचित सर्वांत मोलाची माहिती जमेल. ग्रंथांत न लिहिली गेलेली पुष्कळ विद्या अजून आपल्या स्वयंपाकघरांत आहे आणि ती विचारणारा कोणी नसेल तर सोड्याच्या पुडीबरोबर ती संपून जाईल.

राहिला पहिल्या मुलाचा प्रश्न, जिलबी आपली की बाहेरची? नाव बहुधा पश्चिमेकडून आले. फिरत्या हाताची कला व्यापाराच्या वाटांवरून आली असावी. साखर आणि दही इथले. आणि पीठ फुगवणारे यीस्ट तर ज्या गावात मडके ठेवाल त्या गावचे. मुलांना ही चारही उत्तरे द्यावीत आणि पुराव्याला धरून कोणते किती पक्के आहे ते त्यांनाच ठरवू द्यावे.